नावाआधी जागा

आपल्या घरची शेगडी बंद केली का, हे बघायला अर्ध्या वाटेवरून परत फिरणारी माणसं पुण्यात पेठेपेठेला सापडतील. पण शेजाऱ्यांनी त्यांची शेगडी बंद केली असेल का, या काळजीने सिंहगड रोडवरून गाडी वळवणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच, आणि तो नेमका माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. ऑफिसात आम्ही त्यांना लिंकरवाले सर म्हणतो. वय पन्नाशीच्या पुढचं, चष्मा कायम कपाळावर, आणि चेहरा असा, की समोरच्याला वाटावं आपल्याच घरून काहीतरी वाईट निरोप आलाय. देवाने काळजी वाटायला काढली तेव्हा बाकीच्यांनी आपापला वाटा घेतला आणि पळाले. सर मात्र थांबले आणि शेवटी पातेलं खरवडून घेऊन आले.

मी त्यांची नक्कल करतो. म्हणजे मी सगळ्यांचीच करतो, त्यात सरांना वेगळा मान नाही. बार्शीच्या शाळेत हेडमास्तरांची नक्कल केली म्हणून गॅदरिंगला बक्षीस आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात छडी असे दोन्ही सत्कार माझे झालेत. सरांची नक्कल सोपी आहे. आधी घसा साफ करायचा, मग कपाळावरचा चष्मा आणखी वर सरकवायचा, मग एक सुस्कारा, आणि मग अगदी स्वच्छ पुणेरी आवाजात, "अहो, आपण हे गृहीत धरलंत, की कोणाला विचारलंत?" एकदा कँटीनमध्ये मी हे रंगात येऊन करत होतो आणि समोरच्यांचं हसणं अचानक बंद पडलं. मागे सर. हातात कप. म्हणाले, "आवाज जमलाय. पण मी सुस्कारा आधी टाकतो, चष्मा नंतर. करायची तर पुरती करा. अर्धवट जोडलेल्या गोष्टी धोकादायक असतात." आणि निघून गेले. तेव्हापासून मी क्रम पाळतो.

त्यांची सगळी वाक्यं मी करतो, एक सोडून. ते वाक्य त्यांनी म्हटलं तेव्हा माझी भाची, माझ्या पूजाताईची मुलगी, वेळेच्या फार आधी जन्मून काचेच्या पेटीत होती, आणि ती घरी येणार की नाही हे आम्हाला कोणीच सांगत नव्हतं. त्या वाक्यापर्यंत पोचायचं तर आधी सर कळले पाहिजेत, आणि सर कळायचे तर लिंकर कळला पाहिजे. घाबरू नका, मी त्यावर पगार घेत होतो तेव्हा मलाही तो कळला नव्हता.

तर असं बघा. आमची कंपनी लहान, कोथरूडच्या एका गल्लीत, खाली पिठाची गिरणी आणि वर आम्ही. डेअऱ्यांमध्ये दूध थंड ठेवायच्या मोठ्या टाक्या असतात, त्यांचा मेंदू आम्ही बनवतो. त्या मेंदूचा प्रोग्रॅम एकटा माणूस लिहीत नाही. एक तुकडा मी लिहितो, एक अमोल, एक दुसरा अमोल. हे तुकडे जोडून एक अखंड वस्तू करणारा जो प्रोग्रॅम, तो लिंकर. मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक असतो ना, तसा. प्रत्येक तुकडा आपापलं वऱ्हाड घेऊन येतो, आणि हा पाटी बघून खोल्या देतो: तापमान, तुम्ही इथे, वेळ, तुम्ही तिथे. आता एकाच मुहूर्ताला 'जोशी' नावाची दोन वऱ्हाडं आली तर? शिस्तीचा व्यवस्थापक ओरडतो, आधी नावं बदला, मग आत या. पण लिंकरला एक सूचना देता येते, की बाबा चालवून घे. मग तो दोन्ही जोश्यांना एकच खोली देतो आणि गप्प बसतो.

दुसरी सूचना आकड्यांची. दशांशाचे आकडे कधीकधी इतके बारीक होतात की मशीनला ते सांभाळताना दम लागतो. तेव्हा जोडतानाच सांगून ठेवता येतं, की फार बारीक असेल ते सरळ शून्य धर, पुढे चल. काम पटापट होतं. आणि तिसरी सूचना सरांची लाडकी. काही नावं अशी असतात की ती नुसती सांगितलेली असतात, त्यांच्यात काय ठेवायचं ते ठरलेलं नसतं. अशांना लिंकर लगेच खोली देत नाही. शेवटच्या जोडणीला बघू म्हणतो. त्याला सांगता येतं: थांबू नको, ठरलं नसलं तरी जागा आत्ताच देऊन टाक. सर ही सूचना गरज असो नसो, टाकतातच. आणि पहिल्या दोन सूचना टाकणाऱ्या माणसाशी ते एका टेबलावर जेवत नाहीत.

हे काही उगाच नाही. एकदा सर भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला गेले आणि इकडे आमच्या मॅनेजरना घाई झाली. दोन्ही अमोलांनी आपापल्या तुकड्यात दुधाच्या तापमानाच्या मर्यादेला एकच नाव दिलेलं. एकाने ती पूर्णांकात लिहिलेली, दुसरा ती दशांशात वाचत होता. लिंकर ओरडला. मॅनेजर म्हणाले, "अरे चालवून घे म्हणावं त्याला." घातली सूचना. जोडीला वेग हवा म्हणून बारीक आकडे शून्य धरायचीही घातली. झालं असं, की पहिल्या अमोलने खोलीत ठेवले चार अंश, आणि दुसरा त्याच खोलीत डोकावला तर त्याच्या पद्धतीने तो आकडा शून्य पूर्णांक, मग शून्यांची लांबच लांब माळ, आणि शेवटी कुठेतरी काहीतरी. तेवढंही नको म्हणून मशीनने ते शून्य केलं. टाकीला वाटलं, शून्य अंशापर्यंत थंड करायचंय, आणि शनिवार-रविवार ती थंड करतच राहिली. सोमवारी सर आले तेव्हा चाचणीच्या टाकीतल्या दुधाचा एक भलामोठा पांढरा दगड झाला होता आणि मॅनेजर त्यावर स्क्रू-ड्रायव्हर ठोकत होते.

सर ओरडले नाहीत. टाकीच्या कडेला हात ठेवून उभे राहिले, मयताला आल्यासारखे. म्हणाले, "तो विचित्र आकडा तसाच दिसला असता तर कोणाला तरी शंका आली असती. शून्य म्हटल्यावर कोण शंका घेणार? शून्य किती सभ्य दिसतं!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बारीक आहे म्हणजे नाही, असं कधी म्हणू नका." त्या दिवशी पूर्ण ऑफिसने मसाला दूध चमच्याने खाल्लं. सरांनी खाल्लं नाही.

ऑफिसात हे ठीक आहे हो, पण सर हाच लिंकर डोक्यात घेऊन सगळ्या पुण्यात हिंडतात. दोन अमोल आहेत म्हणून ते कोणालाच अमोल म्हणत नाहीत. "अहो अमोल सुरेश" आणि "अहो अमोल दिलीप" अशा हाका मारतात, जणू काय कोर्टात पुकारा चाललाय. त्यांना कोणी "स्वारगेटला भेटू" म्हटलं तर झालंच. "स्वारगेट म्हणजे कुठलं? एसटीचं? पीएमपीचं? मेट्रोचं? वर, का जमिनीखाली?" समोरचा म्हणतो, "सर, आल्यावर फोन करतो ना." सर म्हणतात, "म्हणजे आपण दोघांनी चुकायचं नक्की केलंय, फक्त वेळ ठरायचीय." कँटीनच्या मावशींना त्यांनी एकदा सांगितलं की चहात साखर थोडी घाला. मावशींनी घातलीच नाही. सर कप घेऊन परत गेले. "मावशी, थोडी म्हणजे शून्य नव्हे." मावशी पण पुण्याच्याच. म्हणाल्या, "साहेब, तुमच्या तोंडाकडं बघून वाटलं शुगर आहे."

पण सगळ्यांत वेड्यासारखी सवय म्हणजे रुमाल. सर कुठेही बसले, कँटीनला, मीटिंगला, नाटकाला, लग्नात, की शेजारच्या खुर्चीवर एक पांढरा, घडीचा रुमाल ठेवतात. कोणी विचारलं, "कोणी येणारे का इथे?" तर उत्तर ठरलेलं: "ठरलेलं नाही. जागा आहे." आता भर गर्दीत, जेवणाच्या सुट्टीत, अमोल दिलीप ताट घेऊन उभाय, आणि खुर्चीवर रुमाल जेवतोय! सर मग उठतात, स्वतःची खुर्ची अमोलला देतात, आणि आपण उभ्याने जेवतात. पण रुमाल उचलत नाहीत. यावर मी एक अख्खं प्रहसन बसवलं होतं. रुमालाला वाढणं, रुमालाला आग्रह करणं, वगैरे. फार हशा मिळायचा.

मग ताईचं झालं. तिला सातवा संपत होता. एका दुपारी दाजींचा फोन आला, नुसता श्वास ऐकू येत होता. मी हॉस्पिटलात पोचलो तोवर मुलगी झालेली होती, आणि आत नेलेली होती, आणि डॉक्टर 'बघू' एवढंच म्हणत होते. ते 'बघू' तुम्ही कधी ऐकलंय का माहीत नाही. त्यात काहीच नसतं आणि सगळं असतं.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. "कुठलं हॉस्पिटल? कुठला मजला? लिफ्टच्या उजवीकडे की डावीकडे?" मी म्हटलं, "सर, येऊ नका, इथे नुसतं बसायचंच असतं." म्हणाले, "तेच मला येतं." आणि जेवणाच्या सुट्टीत खरंच आले. थर्मास, दोन कप, आणि रुमाल. बाकावर बसले आणि शेजारी रुमाल ठेवला. मला त्याही परिस्थितीत हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रडू आलं. मग ते रोजच यायला लागले. बरं, येऊन धीर देतील तर शपथ! कोणीतरी म्हणायचं, सगळं ठीक होईल, सर विचारायचे, "कशावरून?" लाइट गेले तर आतल्या मशीनांचं काय होतं, हे त्यांनी वॉचमनला विचारलं, सिस्टरला विचारलं, आणि शेवटी जिन्याखाली जाऊन जनरेटर स्वतः बघून आले. परत येऊन म्हणाले, "आहे. डिझेलही आहे." आश्चर्य म्हणजे त्या रात्री दाजी पहिल्यांदा झोपले. आमच्या वतीने काळजी करायला कोणीतरी भरवशाचा माणूस बसलाय, असं वाटायला लागलं होतं.

ताईच्या सासूबाई फुरसुंगीच्या. घरची शेती, आता चारही बाजूंनी बिल्डिंगी. बाई एकदम खमक्या. पण या बाबतीत त्यांनी फतवाच काढला होता. "नाव घेऊ नगा कुणी. पाळणा आणायचा न्हाई, झबलं शिवायचं न्हाई. पोरगी घरी येऊ द्या, मंग बघू. आधीच कौतुक केलं की दृष्ट लागती." सगळ्यांनी ऐकलं, कारण भीती सगळ्यांनाच होती. ताईने बाळाच्या दुपट्यांसाठी काढून ठेवलेली सुती लुगडी सुद्धा परत ट्रंकेत गेली. ताई दर तीन तासांनी आत जायची, बाहेर यायची, आणि सांगायची, "तिने आज डोळे उघडले." "तिने बोट धरलं." ती. नुसती ती.

आत पेटीवर कागद होता: पूजाचं बाळ. आणि दोन पेट्या सोडून दुसऱ्या पेटीवर कागद होता: पूजाचं बाळ. ही दुसरी पूजा येरवड्याची, तिचा नवरा राहुल सरकारी कचेरीत, आणि तिची आई रोज आमच्या समोरच्या बाकावर. पहिल्याच दिवशी "जयभीम" म्हणून त्यांनी डबा पुढे केला होता. त्यांची ज्वारीची भाकरी आणि आमच्या सासूबाईंचा ठेचा असं सामायिक जेवण चालायचं. दोघी आज्यांचं छान जमलं होतं. पण दोन्ही कागदांवर एकच नाव आहे हे ताईच्या बोलण्यात आलं मात्र, सरांनी हातातला कप खाली ठेवला.

"एकाच नावाची दोन बाळं? एका खोलीत?"

मी म्हटलं, "सर, पायाला पट्टी असते, त्यावर नंबर असतो. सिस्टर लोक दरवेळी तपासतात."

"नंबर मशीनला पुरतो. दारातून हाक मारताना माणूस नंबराने मारतो का?"

सिस्टरला त्यांनी हे ऐकवलंच. ती बिचारी केरळची, मराठी फर्स्टक्लास. म्हणाली, "काका, नाव ठेवा की मग. आम्ही लगेच लिहितो." सरांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी पदर डोक्यावर ओढून भिंतीकडे पाहिलं.

मध्ये एक दिवस ताई बाहेर आली ती भिंतीला टेकून उभीच राहिली. वजन करून आले होते. "आज वाढ शून्य आहे," म्हणाली. एवढं चिमूटभर वजन, आणि तेही वाढेना. दाजी म्हणाले, "उद्या वाढेल गं." मी एक विनोद करून बघितला, तो जमिनीवर पडला. सर म्हणाले, "ताई, तो काटा किती ग्रॅमपासून दाखवतो?" ताईला माहीत नव्हतं. सर जाऊन सिस्टरला विचारून आले. "पाच ग्रॅमच्या आतलं त्याला दिसत नाही. म्हणजे वाढ शून्य आहे असं नाही. वाढ त्याला दिसत नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे." मग म्हणाले, "घटलं असेल तर तेही दिसत नाही, हे खरं." एवढं शेवटचं बोलायची काही गरज होती का? पण ताई त्यांच्याकडे बघून हसली. म्हणाली, "काका, तुम्ही खोटं बोलत नाही ना, ते बरं वाटतं."

आणि मग ती दुपार. जेवणं झाली होती, दोघी आज्या एकाच डब्याचं झाकण पुसत होत्या. दार उघडलं. नवीनच आलेले डॉक्टर होते, तोंडावर मास्क. म्हणाले, "पूजाचं कोण आहे?"

दोन्ही बाक एकदम उठले.

"बाळ दमलंय. श्वासाचं मशीन पुन्हा लावतोय आपण."

मला आठवतंय, मी दाजींचा हात धरला होता, का त्यांनी माझा, ते कळत नव्हतं. राहुलने डोळे मिटले होते. दोन्ही घरांवर एकच बातमी पडली होती आणि ती कोणाची हे विचारायचं धाडस कोणाच्यात नव्हतं, कारण विचारलं की ती एकाची होणार. सरांनी विचारलं. आवाज कापत होता, पण ळ आणि ण अगदी स्वच्छ. "डॉक्टर, एक मिनिट. आत दोन पूजा आहेत. कुठल्या पूजाचं बाळ? पूर्ण नाव सांगा."

डॉक्टर थबकले, मागे वळले, सिस्टरला विचारून आले. "सॉरी. पूजा राहुल."

आमचे दाजी संतोष. सासूबाईंच्या तोंडून सुटलंच, "आपली न्हाई." आणि लगेच त्यांनी तोंडावर हात ठेवला. राहुल डॉक्टरांबरोबर आत गेला. त्याची सासू बाकावर बसली, हातात ते डब्याचं झाकण तसंच. आमच्या सासूबाई तिच्याजवळ गेल्या, बसल्या, तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. ज्या गोष्टीने आम्हाला सुटल्यासारखं झालं होतं तीच गोष्ट समोर बसली होती.

बऱ्याच वेळाने सर बोलले. सरांना लोकांशी बोलताना काय करावं कळत नाही, म्हणून ते समोरच्या पंख्याच्या बटणाकडे बघून बोलत होते.

"काकू, माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. बाराव्या दिवसाच्या आतच गेला. नाव ठेवलेलं नव्हतं. त्यामुळे घरात त्याच्याबद्दल बोलताच यायचं नाही. बोलणार कोणाबद्दल? आई कधीतरी मध्येच म्हणायची, 'तो असता तर.' आम्हाला वाटायचं, दूधवाल्याबद्दल बोलतेय."

सासूबाईंनी मान वर केली.

"नाव ठेवलं नाही म्हणून तिची काळजी कमी झाली नाही. फक्त ती कोणाची काळजी करतेय, हे तिला कोणाला सांगता आलं नाही." सरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. तो तसा असतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "दृष्ट लागते की नाही, मला माहीत नाही. पण आलेली आहे ना ती? मग जागा आत्ताच द्या. बाकीचं ठरेल तेव्हा ठरेल."

मी जे वाक्य करत नाही, ते हे.

सासूबाईंनी दुसऱ्या आजीकडे पाहिलं. दुसरी आजी हळूच म्हणाली, "आमच्या पूजानं ठरवून ठेवलंय. सम्यक. मीच नको म्हणत होते." सासूबाईंनी नाक ओढलं, पदर खोचला, आणि दाजींना म्हणाल्या, "बघत काय बसलायस? आत्याला फोन लाव."

आत्या म्हणजे दाजींची बहीण, उरुळीच्या शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीचा गलका फोनमधून ऐकू येत होता. दाजींनी सांगितलं, नाव ठेवायचंय, आत्ता. मला वाटलं ती विचार करून सांगते म्हणेल. ती म्हणाली, "रेवा. माझं कधीचंच ठरलंय. मला विचारतंय कोण?" बारशाला आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं असतं, पण डॉक्टरांनी बोलावल्याशिवाय आत फक्त आईलाच सोडत होते. तेव्हा आत्याने ते फोनवर ताईच्या कानात सांगितलं, आणि ताई हात धुऊन, टोपी घालून, ते नाव तोंडात धरल्यासारखी आत गेली. मध्ये कोणाशी एक शब्द बोलली नाही, सांडलं तर! पेटीच्या गोल झरोक्यातून वाकून तिने ते सांगितलं म्हणे. रेवाने काय केलं, विचारलं तर म्हणाली, "जांभई दिली."

बाहेर सर वॉचमनला विचारत होते, "आत दुसरी रेवा नाही ना?" वॉचमन म्हणाला, "काका, आत समद्या बेबीच हायेत. नाव असलेलं हे पयलंच."

ते पहिलं राहिलं नाही. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या पेटीवरही 'सम्यक' लागलं. त्याला मशीनवरून निघायला वेळ लागला, तो आमच्या नंतर पुष्कळ दिवसांनी घरी गेला, पण गेला. आता त्याचे फोटो सासूबाईंच्या मोबाइलवर येतात आणि रेवापेक्षा तो गुटगुटीत दिसला की त्यांची चिडचिड होते.

रेवाचा पहिला वाढदिवस फुरसुंगीला घरासमोरच मांडव घालून केला. येरवड्याची मंडळी आली होती. सर आले ते वेळेच्या आधी, कारण फुरसुंगीतल्या कुठल्या गणपती मंदिरासमोर हे त्यांनी माझ्याकडून तीनतीनदा नक्की करून घेतलं होतं. आल्या आल्या मांडवाच्या वायरी बघितल्या, मेणबत्तीसकट केक पडद्यापासून लांब सरकवला, आणि कडेच्या खुर्चीवर बसून शेजारच्या खुर्चीवर रुमाल ठेवला. मी लांबून बघत होतो. रुमालाचं प्रहसन मी त्या दुपारनंतर कधी केलं नाही. लोक आग्रह करतात. मी म्हणतो विसरलो.

रेवा तेव्हा नुकतीच धरून धरून उभी राहायला लागली होती. खुर्च्यांच्या कडेकडेने, एकेक पाय टाकत, ती तिथवर पोचली. रुमाल दिसला. ओढला. जमिनीवर टाकला. आणि त्या खुर्चीला दोन्ही हातांनी धरून सरांकडे बघत उभी राहिली, घरमालकिणीसारखी. सर जागचे हलले नाहीत. मग त्यांनी तिला उचलून त्या खुर्चीवर बसवलं, आणि ती घसरेल म्हणून हात आडवा धरून ठेवला.

मी जवळ गेलो. म्हटलं, "सर, जागा गेली की."

"तिची असेल ती," सर म्हणाले. मग मोकळ्या हाताने खिशातून दुसरा रुमाल काढला, एका हाताने जमेल तशी घडी नीट केली, आणि डावीकडच्या खुर्चीवर ठेवला.

तेवढ्यात अमोल दिलीप, उशिरा आलेला, हातात जेवणाचं ताट घेऊन बसायला जागा शोधत तिथे आला. रुमाल बघितला आणि सवयीने विचारलं, "कोणी येणारे का इथे?"

सरांचं तोंड रेवाकडे होतं. त्यांनी ऐकलं नसावं. मी सांगितलं. घसा साफ केला नाही, सुस्कारा टाकला नाही, माझ्याच बार्शीच्या आवाजात सांगितलं.

"ठरलेलं नाही. जागा आहे."